वाकवणाऱ्याला आधी विचारा

गेल्या द्राक्षहंगामात एक तरुण कारखानदार तुटलेलं ब्रॅकेट रुमालात गुंडाळून माझ्याकडे आला. ट्रॅक्टरवर चालणारे फवारणी पंप तो स्वतःच्या शेडमध्ये जुळवतो. जास्त दाबाचा एचटीपी पंप बाहेरून घेतो, टाकी बाहेरून घेतो, चासी स्वतः वेल्ड करतो. त्या चासीवर प्रेशर रेग्युलेटर धरून ठेवणारं हे ब्रॅकेट होतं. आधी ते ३ मिमी पत्र्याचं होतं, ते तुटलं म्हणून त्याने ५ मिमीच्या पट्टीचं केलं. तेही तुटलं, आणि बरोबर त्याच जागी, कोपऱ्यात. त्याचा प्रश्न सरळ होता, "आता ८ चं करू का?"

८ चं केलं असतं तर तेही कधीतरी तुटलंच असतं. पट्टी व्हाइसमध्ये धरून घणाने काटकोनात वाकवलेली होती. आतून कोपरा सुरीसारखा धारदार, बाहेरून कातडी आधीच फाटलेली. वर बोल्टचं भोक बेंडला चिकटून पाडलेलं, आणि रेग्युलेटरचं वजन पुढे लोंबतं. डिझेल इंजिनाची थरथर अशा जागी रोज हजारो झटके देते. जाडी वाढवल्याने दुखणं बरं झालं नाही, फक्त दुखणाऱ्याचं वजन वाढलं. बागेत फवारणी चालू असताना हे तुटतं तेव्हा शेतकरी "ब्रॅकेट तुटलं" म्हणत नाही, "पंप भिकार आहे" म्हणतो.

आमच्या कळसच्या आसपास, इंदापूर आणि बारामती तालुक्यांत, अशी जुळवणी करणाऱ्यांची संख्या बरीच आहे. कुणी फवारणी यंत्र करतो, कुणी कडबाकुट्टी, कुणी पेरणी यंत्र, कुणी उसाच्या ट्रॉल्या, कुणी सौरपंपाच्या पॅनलचे सांगाडे. लोखंडाशी नातं या भागाला नवं नाही. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या माळावर साखर कारखाना उभारला, त्याच्या भोवती वालचंदनगर वसलं, आणि तिथल्या यंत्रशाळेत पुढे इस्रोच्या रॉकेटांचे मोटर केसिंगही घडले. बारामतीच्या भिगवण रस्त्यावरच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी तयार होतात. त्यामुळे फिटर, वेल्डर, बेंडिंगवाला, लेझरवाला हे सगळे तासाभराच्या पट्ट्यात सापडतात. माणसं आहेत, यंत्रं आहेत. चूक होते ती त्यांच्याकडे जाण्याच्या वेळेत. आपण ड्रॉइंग पक्कं करून, भाव ठरवून, मालकाची सही घेऊन मग त्यांच्याकडे जातो. तोवर ब्रॅकेटच्या खर्चातला मोठा भाग कागदावर कायम झालेला असतो.

पहिला सल्ला म्हणून हाच धरा. कच्चं चित्र, मग ते वहीच्या पानावर का असेना, घेऊन आधी प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवायचं यंत्र, चालवणाऱ्या माणसासमोर बसा. मालकासमोर नव्हे, ऑपरेटरसमोर. तो पहिल्या दोन मिनिटांत सांगेल, "हा बेंड घेता येणार नाही, पंचला आडवं येतंय." हे वाक्य चहाच्या किमतीत मिळतं. दोनशे नग कापून झाल्यावर तेच वाक्य फार महाग पडतं.

बेंड म्हणजे काय होतं

पत्रा वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि मध्ये कुठेतरी एक थर असा असतो की ज्याची लांबी बदलत नाही. तो थर बरोबर मधोमध नसतो, थोडा आत सरकलेला असतो. साध्या एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, पत्र्यासाठी हिशेबात तो आतल्या बाजूपासून जाडीच्या साधारण ०.४ इतक्या अंतरावर धरतात. यालाच के फॅक्टर म्हणतात. सपाट पत्रा किती लांब कापायचा ते यावरून ठरतं.

उदाहरण घेऊ. बाहेरून ५० आणि ४० मिमीचं एल ब्रॅकेट, पत्रा २ मिमी, आतली त्रिज्या २ मिमी. ५० अधिक ४० म्हणजे ९० मिमी कापला तर नग मोठा येईल. बेंडची वजावट साधारण ३.६ मिमी निघते, म्हणून सपाट लांबी ८६.४ मिमी. इथपर्यंत पुस्तकात मिळतं. पुस्तकात न सापडणारी गोष्ट अशी की ही वजावट पत्र्याइतकीच वाकवणाऱ्याच्या डायवरही अवलंबून असते. हवेत वाकवताना, म्हणजे पत्रा डायमधल्या व्ही आकाराच्या खाचेच्या तळाला न टेकवता वाकवताना, आतली त्रिज्या वरून दाबणाऱ्या पंचपेक्षा व्हीच्या रुंदीवर ठरते. एमएस पत्र्यात ती व्हीच्या रुंदीच्या सुमारे १६ टक्के येते. २ मिमीच्या पत्र्याला सहसा जाडीच्या आठपट, म्हणजे १६ मिमीचा व्ही लावतात, तेव्हा त्रिज्या अडीच मिमीच्या आसपास येते. दुसऱ्याकडे १६ चा व्ही नसेल आणि त्याने १२ चा लावला, तर ती दोनच्या खाली जाते. एका बेंडला फरक पाव मिलिमीटरचा. पण ब्रॅकेटला चार बेंड असतील तर एकूण फरक मिलिमीटरच्या वर जातो, आणि तुमचं भोक समोरच्या भोकाला जुळत नाही.

म्हणून सपाट विस्ताराचं माप स्वतः काढून लेझरवाल्याला एकीकडे आणि बेंडिंगवाल्याला दुसरीकडे देऊ नका. ड्रॉइंगवर वाकवलेल्या नगाची मापं द्या, आणि सपाट विस्तार जो वाकवणार आहे त्यालाच काढू द्या. त्याच्या डायचे आकडे त्याला पाठ असतात. कटिंग एकाकडे आणि बेंडिंग दुसऱ्याकडे करणं भाग असेल, तर कापण्याआधी सपाट माप बेंडिंगवाल्याकडून लेखी घ्या. नग जुळला नाही की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधे आपण उभे असतो. मी त्या जागी उभा राहिलेलो आहे.

आता त्या तुटलेल्या ब्रॅकेटकडे परत येऊ. आतली त्रिज्या निदान जाडीइतकी ठेवायची. साध्या एमएसला यापेक्षा कमी चालतं, पण थरथरणाऱ्या यंत्रावर ती कंजुषी करू नये. भोकाची कड बेंडपासून लांब हवी. जाडीची दुप्पट अधिक त्रिज्या हे किमान अंतर धरा. ३ मिमी पत्रा आणि ३ ची त्रिज्या असेल तर ९ मिमी. यापेक्षा जवळ गेलात तर वाकवताना भोक ओढलं जातं, गोल भोक अंड्यासारखं होतं, आणि त्या ताणलेल्या कडेपासूनच चीर सुरू होते. जागाच नसेल तर बेंडच्या रेषेवर आडवी खाच द्या, म्हणजे ओढ भोकापर्यंत पोचत नाही. नाहीतर भोक वाकवल्यावर ड्रिलने पाडा. त्याचे पैसे वेगळे लागतील.

वाकवलेली बाजूही फार आखूड नको. पत्रा व्हीच्या दोन्ही खांद्यांवर टेकला तरच वाकतो. १६ च्या व्हीवर बाजू ११–१२ मिमीपेक्षा आखूड असेल तर ती व्हीत घसरते. "फक्त ८ मिमीचा ओठ काढा" असं ड्रॉइंगवर लिहिणं सोपं असतं. अशी बाजू आधी जास्त ठेवून वाकवावी लागते आणि मग छाटावी लागते, म्हणजे दोन कामं. वाकवण्याची रेषा पत्र्याच्या मधेच संपत असेल तर दोन्ही टोकांना खाच द्या, रुंदी निदान जाडीइतकी आणि खोली बेंडच्या पलीकडे जाईल इतकी. ती दिली नाही तर पत्रा तिथे फाटतो. फाटलेला कोपरा पावडर कोटिंगखाली झाकला जातो, आणि पुढच्या वर्षी तिथूनच गंज सुरू होतो.

बेंडिंगवाला कधी म्हणाला "पत्रा परत येतोय", तर तो स्प्रिंगबॅकबद्दल बोलतोय. साधा एमएस एक-दोन अंशांनी परत येतो, स्टेनलेस त्याहून जास्त, आणि जास्त ताकदीचं पोलाद आणखी जास्त. ऑपरेटर तेवढं जास्त वाकवून सांभाळून घेतो. पण पत्र्याची प्रत मधेच बदलली की कोनही बदलतो. पहिले शंभर नग ९० अंशात आणि पुढचे ९२ मध्ये आले, तर ऑपरेटरला शिव्या देण्याआधी पत्र्याचं बिल तपासा.

ताकदीच्या हिशेबाने छोट्या ब्रॅकेटला मोठं यंत्र लागत नाही. ३ मिमी एमएस पत्र्याचा एक मीटर लांब बेंड घ्यायला साधारण २४ टन दाब लागतो. तुमचा नग १०० मिमीचा असेल तर अडीच टनांत काम होतं. त्यामुळे "आमच्याकडे १६० टनी मशीन आहे" या जाहिरातीने दिपून जाऊ नका. विचारायचं ते असं, त्याच्याकडे तुमच्या जाडीचा व्ही आहे का, आणि मागचा स्टॉपर आकड्यांवर चालतो की हाताने सरकवतात.

जाडीपेक्षा घडी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे पैसा वाचतो.

सपाट पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३ चा पत्रा ४ चा केला की ताठरपणा जवळजवळ २.४ पट होतो आणि वजन एक तृतीयांशाने वाढतं. हे ऐकून माणूस खूश होतो आणि जाडी वाढवत सुटतो. पण त्याच ३ मिमी पत्र्याच्या दोन्ही कडांना पंधरा-पंधरा मिमीची घडी घातली, म्हणजे पट्टीचं यू झालं, तर ताठरपणा कित्येक पटींनी वाढतो आणि वजनात पडतात ते फक्त त्या दोन घड्यांचे पत्रे. एल ब्रॅकेटच्या कोपऱ्यात दाबून काढलेली बरगडी, जिला दुकानात सगळे गसेट म्हणतात, तीही तेच काम करते. बरगडीसाठी डाय लागते, घडीसाठी लागत नाही. पाचशे नगांच्या आत असाल तर घडीच घ्या.

त्या फवारणी पंपावर आम्ही शेवटी ३ मिमी पत्राच ठेवला. दोन्ही कडांना घडी घातली, आतली त्रिज्या ३ केली, भोक बेंडपासून १४ मिमीवर नेलं, आणि रेग्युलेटरच्या पुढच्या टोकाला दुसरा बोल्ट दिला. ब्रॅकेट ५ मिमीच्या नगापेक्षा हलकं झालं. खरा फरक कदाचित त्या दुसऱ्या बोल्टनेच पडला असेल, कारण लोंबणारं वजन आता लोंबत नव्हतं. ब्रॅकेटचं काम फक्त वजन पेलणं एवढंच नसतं, ते वजन हलू न देणंही असतं. डिझाइन करताना पहिला प्रश्न "किती किलो?" हा नको. "कुठल्या दिशेने हलणार?" हा हवा.

वेल्डिंगबद्दल एवढंच सांगतो. बेंडच्या रेषेवर किंवा अगदी लगत वेल्ड मारू नका. चासीला ब्रॅकेट वेल्ड करायचंच असेल तर बेंडपासून लांब, आणि वेल्डचं टोक जोराच्या जागी संपू देऊ नका. जमत असेल तर बोल्टच करा. बोल्टच्या भोकांना मोकळीक द्या, एम ८ ला ९ मिमी आणि एम १० ला ११ मिमी. दोन भोकांपैकी एक गोल आणि दुसरं लांबट खाचेचं ठेवलं की जुळवताना घणाची गरज पडत नाही.

पत्रा कुठला, मुलामा कुठला

"एमएस" एवढंच लिहून पत्रा मागवू नका. बाजारात एमएस म्हणजे काहीही असतं. घट्ट वाकवायच्या नगाला सीआर, म्हणजे थंड लाटलेला पत्रा, आयएस ५१३ मधला. जाड आणि साध्या कामाला एचआर, आयएस १०७९ किंवा आयएस २०६२ मधला. बिलावर प्रत लिहून घ्या आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून येणारा पत्रा असो की पुण्याहून, दहा शीट घेतली तरी मागायला लाजू नका. जाडी स्वतः मोजा. ३ मिमी म्हणून आलेला एचआर पत्रा २.८ चा निघणं नवं नाही, आणि त्या दोन दशांशांनी बेंडचा सगळा हिशेब हलतो.

लाटण्याची दिशा हा विषय बहुतेक जण सोडून देतात. पत्रा ज्या दिशेने लाटला गेला, त्या दिशेला समांतर बेंड घेतला तर बाहेरची कड फाटण्याची शक्यता वाढते. साध्या एमएसला मोठ्या त्रिज्येत याचं फारसं काही होत नाही. पण अॅल्युमिनियम आणि जास्त ताकदीच्या पत्र्याला होतं. दोन बेंड एकमेकांना काटकोनात असतील तर नग पत्र्यावर ४५ अंशात मांडायला सांगा. वाया थोडा जास्त जाईल, चालेल. अॅल्युमिनियममध्ये ५०५२ वाकतो. ६०६१ चा टी६ हट्टी असतो, वाकवायला गेलं की तडकतो.

बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या यंत्रावर काय लावायचं, हा आमच्या भागातला खास प्रश्न आहे. त्या मिश्रणातला मोरचूद लोखंडालाही खातो आणि जस्तालाही. त्याच्या सतत संपर्कात येणारे छोटे ब्रॅकेट स्टेनलेसचे करा आणि ३०४ मागा. इथे फसवणूक होते. २०२ चा पत्रा ३०४ म्हणून गळ्यात मारला जातो, आणि चुंबक लावून फरक कळत नाही, कारण दोन्हीला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. वाकवल्यावर ३०४ च्या बेंडजवळ चुंबक थोडं ओढतंही, म्हणून खरा पत्रा खोटा ठरवून परत पाठवणारेही मी पाहिले आहेत. रसायनाचे थेंब टाकून मँगनीज ओळखणारी तपासणी मिळते, ती करा. किंवा एक तुकडा स्पेक्ट्रो चाचणीला पाठवा.

बाकी सगळ्याला पावडर कोटिंग, नाहीतर झिंक. सौर पॅनलचे सांगाडे वर्षानुवर्षं उघड्यावर राहतात, त्यांना हॉट डिप गॅल्वनायझिंग. ते वाकवून, भोकं पाडून झाल्यावरच करायचं, आधी नाही. पावडरचा थर प्रत्येक बाजूला ६० ते ८० मायक्रॉनचा बसतो, म्हणजे भोक व्यासात जवळपास दीड दशांश मिलिमीटरने आकसतं. घट्ट बसणाऱ्या भोकांवर मास्किंग सांगा, नाहीतर तुमचा फिटर ते गोल फाइलने मोकळं करेल आणि तिथूनच गंज चढेल.

एक बारकं पण नेहमी चावणारं प्रकरण आहे. ऑक्सिजनवर लेझरने कापलेल्या कडेला काळा ऑक्साइड राहतो. त्यावर पावडर बसते, दिसायलाही छान दिसते, आणि सहा महिन्यांत कडेवरून पापुद्रा निघतो. नायट्रोजनवर कापायला सांगा, थोडं महाग पडतं. नाहीतर कड घासून किंवा पिकलिंग करून घ्या. पावडरवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही, दोष त्याच्या आधीच्या पायरीवर झालेला असतो.

कागदावर काय हवं

माझी सगळ्यात महागाची चूक कागदावरची आहे. काही वर्षांपूर्वी दोनशे उजव्या हाताचे ब्रॅकेट मागवले आणि आले दोनशे डाव्या हाताचे. मी संगणकावरच्या सॉफ्टवेअरने काढून दिलेलं ड्रॉइंग तसंच पाठवलं होतं, ते थर्ड अँगलमध्ये होतं. समोरचा माणूस आयटीआयत शिकलेला, त्याने आपल्याकडच्या रीतीप्रमाणे फर्स्ट अँगल वाचलं. चूक दोघांची म्हणता येईल, पण पैसे माझे गेले. तेव्हापासून मी प्रोजेक्शनची खूण मोठी काढतो, शेजारी नगाचं तिरकं चित्र देतो, आणि डावा-उजवा असेल तर वरच मोठ्या अक्षरात लिहितो.

ड्रॉइंगवर मापं आतून की बाहेरून, ते स्पष्ट लिहा. बेंडची त्रिज्या लिहा. भोकांची अंतरं एकाच कडेपासून किंवा एकाच भोकापासून द्या, साखळीसारखी एकातून दुसऱ्यात नकोत. ज्या भोकावर जुळणी अवलंबून आहे त्यालाच बारीक टॉलरन्स द्या. बाकी सगळ्याला आयएस २१०२ चा मध्यम वर्ग पुरेसा आहे, त्यात ३० ते १२० मिमीच्या मापाला अधिक-उणे ०.३ मिमी मिळतात. सगळ्या मापांना ०.१ लिहिणारा डिझायनर स्वतःला काटेकोर समजतो. वाकवणारा त्याचा भाव दीडपट करतो किंवा ते वाचतच नाही. दुसरं जास्त धोक्याचं.

नग कसा मोजायचा तेही लिहा. बेंडनंतरच्या दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजणं कठीण असेल, तर दोन खुंट्यांचं साधं गेज करून द्या. नग त्यावर बसला तर पास, नाही बसला तर परत. असं गेज लेथवर अर्ध्या दिवसात होतं. शंभर वाद वाचवतं.

भाव कसा वाचायचा

चार ठिकाणी भाव मागितला की चार भाषांत उत्तर येतं. कुणी किलोवर सांगतो, कुणी नगावर, लेझरवाला कटिंगच्या मीटरवर आणि भोकांच्या संख्येवर, बेंडिंगवाला स्ट्रोकवर. ते एकमेकांशी तोलायचे असतील तर प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा. पत्रा कोणाचा? उरलेलं स्क्रॅप कोणाचं? आणि बर काढणं, म्हणजे कडेची धार मोडणं, भावात आहे की नाही? स्क्रॅपचा मुद्दा लोक हसून सोडून देतात. पण भंगारालाही भाव असतो, आणि मोठ्या ऑर्डरमध्ये ती रक्कम डोळ्यात भरते.

पत्र्याची मांडणी स्वतः एकदा करून बघा. मघाचं एल ब्रॅकेट ६० मिमी रुंद धरू. सपाट नग ८६.४ बाय ६०. दोन नगांत ५ मिमी सोडले तर २५०० बाय १२५० च्या एका शीटमध्ये २७ गुणिले १९, म्हणजे ५१३ नग बसतात. २ मिमीच्या शीटचं वजन ४९ किलो, त्यातलं जवळपास ४२ किलो नगांत जातं. आता रुंदी ६० ऐवजी ६५ करा. ओळी १९ वरून १७ वर येतात आणि नग ४५९ होतात. फक्त ५ मिमीने ५४ नग गेले. ती ५ मिमी खरंच लागत होती का, हे डिझायनरला विचारणारं कुणीतरी हवं. बहुधा गोल आकडा दिसावा म्हणून ती वाढवलेली असते.

लेझर आणि बेंडिंगवर किती दिवस राहायचं आणि प्रेससाठी डाय कधी करायची, हा हिशेब साध्या भागाकाराचा आहे. समजा डायला ६०,००० रुपये लागतात आणि डायवर प्रत्येक नग १५ रुपयांनी स्वस्त पडतो. मग ४,००० नगांनंतर डायचे पैसे वसूल. पण त्या ४,००० नगांत डिझाइन एकदाही बदलणार नाही याची खात्री असायला हवी. माझं मत, नव्या यंत्राच्या पहिल्या वर्षी डाय करूच नये. पहिल्या वर्षी शेतकरीच तुमचं डिझाइन बदलतात. डाय केलीच तर ती कोणाची, कुठे राहणार, तुटली तर दुरुस्ती कोण करणार हे ऑर्डरमध्ये लिहा. डायवर तुमचं नाव खोदून घ्या.

पत्रा तुम्ही देऊन जॉबवर्क करून घेत असाल तर प्रत्येक वेळी डिलिव्हरी चलनावरच पाठवा. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा. नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून त्यावर कर लागू होतो. शेडच्या कोपऱ्यात पडून राहिलेले चार पत्रे यात अडकतात.

आणि तुम्ही दुसऱ्या कुणाला ब्रॅकेट पुरवत असाल तर उद्यम नोंदणी करून ठेवा. ती ऑनलाइन आणि फुकट आहे, एजंटला पैसे द्यायचं कारण नाही. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. नोंदणीचा क्रमांक बिलावर छापा. पैसे मागताना आवाज चढवावा लागत नाही.

वाहन कंपन्यांना थेट पुरवायचं स्वप्न असेल तर हा सगळा कारभार पुरा पडत नाही. तिथे आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतं, आणि उत्पादन सुरू होण्याआधी पीपीएपीची, म्हणजे नगाच्या मंजुरीची, फाइल. तो रस्ता वेगळा आहे. आधी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या पुरवठादाराला माल देऊन हात बसवा.

शेवटी पहिल्या नगाबद्दल. ऑर्डर दोनशेची असो की दोन हजारांची, आधी पाच नग करून घ्या, मुलाम्यासकट. ते तुमच्या खऱ्या यंत्रावर जुळवा, खरं इंजिन चालू करा, शक्य असेल तर एक दिवस बागेत चालवा. पटले तर त्यातला एक नग तुमच्याकडे ठेवा आणि एक वाकवणाऱ्याकडे. दोन्हीवर तारीख आणि ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर हवा. मार्करने लिहू नका, डिझेलच्या हाताने पुसलं जातं. नंबर पंच घ्या आणि ठोका.